दगडी वाटीतले दही

विनायका, तुझे मुंबईहून आलेले पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात कौतुक वाटले आणि दुसऱ्या वाचनात राग आला. तू लिहितोस की सध्या तुमच्या वैद्यकशाळेत साहेब रसायनशास्त्र शिकवतात. त्याचे दोन भाग असतात, एक ऑर्गॅनिक आणि दुसरा इनऑर्गॅनिक. जिवंत वस्तूंपासून निघालेले ते पहिले, खाणीतून किंवा दगडमातीतून निघालेले ते दुसरे. इथवर सगळे ठीक. पुढे लिहितोस, "आजी, हे आपल्या लोकांना कधी सुचलेच नव्हते. तुला हे अगदी नवे वाटेल." तुमच्या आजोबांनी मला उतारवयात इंग्रजी शिकवले, ते तुझी पुस्तके वाचता यावीत म्हणून नव्हे, पण आता त्याचा तोही उपयोग होतो आहे. तू पाठवलेली पुस्तकाची पाने मी वाचली. नवे काही वाटले नाही. जुने मात्र पुष्कळ आठवले, आणि ते नीट क्रमाने लिहून ठेवल्याशिवाय मला स्वस्थता मिळणार नाही. मथू, तूही माझी नातच, हे तुझ्यासाठीही आहे. इंदूरला तुला असली पुस्तके कोणी देत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तू हे आधी वाच आणि मग विनायकाला पाठव. हा क्रम मी मुद्दाम ठेवला आहे.

माझे माहेर कसबा पेठेत. श्रीमंत पेशव्यांचे राज्य अजून होते, पण मोठी माणसे ओसरीवर बसून ते किती दिवस टिकणार याच गोष्टी करीत. आम्हां मुलींना त्यातले काही कळत नसे. आमच्या कानांत दिवसभर शेजारच्या आळीतल्या तांबटांचे ठोके भरलेले असत. सकाळी ते सुरू झाले की उठायचे, दुपारी थांबले की पाने वाढायची. आमच्या घरात त्यांना उत्तर देणारा दुसरा आवाज होता, तो खलाचा. माझे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, ते वैद्य होते. त्यांचे वडीलही वैद्य होते. आणि घरातले प्रत्येक माणूस काहीतरी कुटत, वाटत, चाळत किंवा उकळत असे. स्वयंपाकघरात अळूची भाजी शिजत असली तरी तिच्यावर गुळवेलीचा आणि कुटकीचा कडू वास बसलेला असे. बाहेरची मुले आमच्याकडे जेवायला आली की नाक मुरडीत. आम्हांला मात्र मेतकूट-भाताला सुंठीचा वास आला नाही तर चुकल्यासारखे होई.

त्या घरात औषधांच्या दोन खोल्या होत्या आणि दोन्हींच्या मधे एक भिंत होती. परसाच्या बाजूची खोली काष्ठौषधींची. मुळ्या, साली, पाने, फुले, बिया, डिंक, मध, तूप, म्हणजे जे कधीतरी जगले, वाढले, हिरवे होते किंवा एखाद्या जिवाच्या अंगातून आले, ते सगळे तिथे. ओसरीच्या बाजूची खोली रसौषधींची. पारा, गंधक, तांबे, लोह, अभ्रक, मोरचूद, हरताळ, म्हणजे जे जमिनीतून निघाले आणि विस्तवातून गेले, ते तिथे. पहिल्या खोलीला दारच नव्हते, नुसता उंबरा होता. दुसरीला कुलूप होते आणि किल्ली तात्यांच्या जानव्याला. विनायका, तुझ्या साहेबांच्या पुस्तकात जी दोन प्रकरणे आहेत त्या आमच्या घरात दोन खोल्या होत्या. कोणाला सुचले नव्हते म्हणे!

आता मला ज्याचा राग येतो तो भाग. काष्ठाची खोली बायकांची होती आणि रसाची पुरुषांची. काष्ठाचे काम कष्टाचे आणि न संपणारे. वाळवायचे, निवडायचे, कीड लागली तर टाकायचे, पावसाळ्यात बुरशी धरली तर पुन्हा उन्हात घालायचे, आणि वर्षभरात गुण उतरला की सगळे नव्याने करायचे. रसाचे काम मानाचे. भस्म एकदा नीट झाले की ते सडत नाही, किडत नाही, जितके जुने तितके चांगले. गुंजभर द्यायचे आणि वैद्याचे नाव व्हायचे. तात्या म्हणत, "बाईची सावली पडली की पारा रुसतो." मी लहानपणी हे खरे मानले होते. पुढे मोठी झाल्यावर इतके घाणेरडे आणि इतके कष्टाचे काम आमच्या सावलीने कधी कसे रुसत नाही, हा प्रश्न मला पडला.

काष्ठाच्या खोलीची सत्ता गोदाआत्याची होती. ती तात्यांची थोरली बहीण. लग्नानंतर चारच वर्षांत विधवा होऊन परत आली होती. तेव्हापासून ती आमच्याच घरात होती. अलवणाचा, म्हणजे विधवेच्या लाल लुगड्याचा, पदर डोक्यावरून घेतलेला, हाताची नखे हळदीने आणि मंजिष्ठेने कायमची रंगलेली, आणि जीभ अशी की तांबटाच्या हातोड्याने लाजावे. माझे आजोबा हयात असताना त्यांना मुलगा उशिरा झाला म्हणून सुरुवातीची दहा-बारा वर्षे त्यांनी मुलीलाच जवळ बसवून सगळे शिकवले होते. दोन्ही खोल्यांतले. मग तात्या झाले, मोठे झाले, किल्ली त्यांच्याकडे गेली आणि आत्या भिंतीच्या अलीकडे आली. ती याबद्दल कधी बोलत नसे. पण मला शिकवताना ती भिंत तिला दिसतच नसे.

तिची शिकवण्याची रीत एकच होती. ती शेगडीतला निखारा पुढे ओढी, चिमट्यात एकेक वस्तू धरी आणि म्हणे, "मला विचारू नकोस. विस्तवाला विचार." हळकुंड धरले की धूर, वास, मग काळा कोळसा. गूळ धरला की फुगून फेस, मग काळा कोळसा. पिंपळी, कापूस, लोकर, तुपात भिजवलेली वात, सगळ्यांचा शेवट काळा. मग ती दुसऱ्या पुडीतल्या वस्तू काढी. सैंधव तडतडे, उडे, पण काळे होत नसे. तुरटी फुगे आणि लाहीसारखी पांढरी होई. मोरचूद धरला की त्याचा निळा रंग जाऊन पांढरी भुकटी उरे, आणि तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला की निळा रंग परत येई. मी टाळ्या वाजवीत असे. आत्या म्हणे, "बघ, जे जगलं त्याच्या पोटात काळं असतंच. जे कधी जगलंच नाही, त्याच्या पोटात ते नसतं." विनायका, तुझ्या पुस्तकात ज्याला कार्बन म्हटले आहे आणि जो प्रत्येक सेंद्रिय पदार्थात असतो असे मोठ्या अक्षरांत छापले आहे, ते हेच. तुपाच्या दिव्यावर वाटी पालथी धरून काजळ करणाऱ्या कोणत्याही बाईने तो बोटाने पुसून लेकराच्या डोळ्यांत घातलेला आहे.

एकदा मी विचारले, "आत्या, शंख कुठल्या खोलीतला?" शंख समुद्रातल्या किड्याने बांधलेला, म्हणजे जिवंताचा, पण तात्या त्याचे भस्म करीत, म्हणजे तो पलीकडचा. आत्याने शंखाचा तुकडा निखाऱ्यात टाकला. तो काळा झाला नाही, पांढराफटक झाला, आणि पाणी टाकल्यावर फसफसून तापला. "जन्म अलीकडचा, वागणं पलीकडचं," ती म्हणाली. "सातू जाळून राख केली की यवक्षार निघतो, तोही असाच. शेतात होता तोवर माझा, राखेत गेला की तात्याचा. भिंत घरात आहे गं, वस्तूंना तिची खबर नाही." तुझ्या पुस्तकात शेवटल्या पानावर आहे की पूर्वी साहेब लोक समजत, जिवंताचे द्रव्य जिवाशिवाय होत नाही, आणि मग एका जर्मन पंडिताने मूत्रातले द्रव्य निव्वळ निर्जीव क्षारांतून करून दाखवले तेव्हा सगळे थक्क झाले. ते वाचताना मला आत्याचे तोंड दिसले. ती थक्क झाली नसती. तिने फक्त विचारले असते की त्याने भांडे कोणते वापरले.

भांड्यावरूनच सगळे झाले.

एका मोठ्या सरदारांच्या घरून औषधाची मागणी आली. त्यांच्या सूनबाईंना, म्हणजे वहिनीसाहेबांना, अन्न नकोसे झाले होते, पोटात आग होई. तात्यांनी दोन औषधे योजली : आत्याच्या हातचा काडेचिराईत आणि गुळवेलीचा काढा, आणि आपल्या हातचे ताम्रभस्म, मधातून. तांब्याचे भस्म करणे फार जोखमीचे. तांबे शुद्ध करायचे, गंधकाबरोबर खलायचे, संपुटात बंद करून खड्ड्यात गोवऱ्यांचा जाळ द्यायचा. अशा एका जाळाला पुट म्हणत. आमच्या घरी ताम्राला सात पुटे देत. एका पुटाला एक थप्पी गोवऱ्या लागत. गवळ्याकडून आलेल्या गोवऱ्या सुकवून परसाच्या भिंतीला सात थप्प्या लावायचे काम माझे होते, आणि तुम्हांला ठाऊकच आहे की मला मांडामांड करायला आवडते. प्रत्येक थप्पी मी सारख्या उंचीची लावली होती. तात्यांचा शिष्य एकेक थप्पी नेई तशी मी भिंतीवर कोळशाची रेघ ओढीत असे.

सरदारांचा माणूस रोज येऊ लागला. "औषध झालं का?" तात्यांना नाही म्हणवेना. पाच रेघा झाल्यावर पुड्या बांधल्या गेल्या. भिंतीशी दोन थप्प्या तशाच उभ्या होत्या. मला वाटले, तात्यांना यातले काही नवे ठाऊक असेल. लहान मुलांना मोठ्यांबद्दल असेच वाटते, हा मुलांचा मोठा दोष आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरदारांचे कारभारी आले. मोठ्या मिशांचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी काढ्याची चिनी बरणी आणि उरलेल्या पुड्या ओसरीवर ठेवल्या आणि न बसता बोलले, "वैद्यबुवा, वहिनीसाहेबांना काल उलट्यांवर उलट्या. घाम, चक्कर, तोंडात पितळ चघळल्यासारखी चव. सरकार विचारतात, औषध दिलंत की सूड उगवलात?"

मी दाराआड होते आणि आत्या माझ्या मागे. तात्यांचा चेहरा मला दिसत होता. क्षणभर तो अगदी रिकामा झाला. मग ते म्हणाले, "ही तांब्याची बाधा आहे."

"म्हणजे?"

"काढा कळकलेला दिसतो. भांड्याची कल्हई उडाली असणार आणि आंबट-तुरट काढा तांब्याला लागला असणार. काढे आमच्याकडे बायका करतात. माझी वडील बहीण करते. तिचं आता लक्ष राहत नाही."

मुलांनो, या वाक्याकडे नीट बघा. मी त्याच्याकडे आयुष्यभर बघत आले आहे. तात्यांनी रोग अगदी बरोबर ओळखला होता. ते चांगले वैद्य होते. तांबे अंगाला लागले आहे हे त्यांना एका दमात कळले, आणि घरात तांबे एकाच औषधात होते हेही कळले. आणि तरी त्यांनी ते तांबे उचलून भिंतीच्या अलीकडे, आमच्या खोलीत आणून ठेवले.

कारभाऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. "वडील बहीण? म्हणजे त्या बोडक्या बाई? वा, वैद्यबुवा! विधवेच्या हातचं औषध आमच्या सवाष्णीला पाजता आणि वर कल्हईचं सांगता. एवढं आम्हांला आधी कळवायचं होतं."

"यापुढे तिचा हात लागणार नाही," तात्या घाईने म्हणाले. "चार दिवसांत कोकणात जाणारी मंडळी आहेत. त्यांच्याबरोबर तिला सासरी पाठवतो."

सासरी! तिथे तिचे होते कोण? नवरा गेल्यावर ज्या दिरांनी तिला एका लुगड्यावर परत पाठवले, ते. तिथे तिला दुसऱ्यांच्या बाळंतिणींचे कपडे धुवावे लागले असते आणि कोपऱ्यात बसून ताक घुसळावे लागले असते. तिचा खल, तिच्या बरण्या, चाळीस वर्षे रंगलेली ती नखे, सगळे एका वाक्यात गेले. मी मागे वळून पाहिले. आत्या तिथे नव्हती.

ती खोलीत सुंठ निवडत बसली होती, जणू काही झालेच नव्हते. मी रडत म्हटले, "तू काढा मातीच्या मडक्यात केला होतास! मी पाहिलाय. तू नेहमी मातीच्याच मडक्यात करतेस. सांग ना तात्यांना!"

"कुणाला सांगू? काढा कशात उकळतो ते त्याला ठाऊकच नाही, यमे. त्याच्या पुढ्यात बरणी येते. पन्नाशीला आला, या खोलीचा उंबरा ओलांडला नाही त्यानं."

हे अक्षरशः खरे होते. आमच्याकडे काढ्याचे मडके एका रोग्यासाठी एकदाच वापरीत आणि मग परसाच्या कोपऱ्यात फोडून टाकीत, म्हणजे एकाचे औषध दुसऱ्याला लागू नये. तो खापऱ्यांचा ढीग माझ्या कमरेएवढा होता. घरातली प्रत्येक बाई तो रोज ओलांडून विहिरीवर जाई. आंबट वस्तू उघड्या तांब्यात ठेवायची नाही हे सात वर्षांच्या पोरीला कळत असे, आणि चाळीस वर्षे काढे करणाऱ्या बाईला ते कळले नाही असे एका नामांकित वैद्याने सांगितले, आणि एका शहाण्या कारभाऱ्याने ते ऐकून घेतले.

मी डोळे पुसून विचारले, "आत्या, तांब्याचं भस्म कच्चं आहे की पक्कं, ते कसं कळतं?"

तिने सुंठीचा एक तुकडा उचलला, उजेडात धरला, बाजूला टाकला. "कवडी दही लागलंय आज घट्ट," ती म्हणाली. "दगडी वाट्या फडताळात आहेत. परत आलेल्या पुड्या कोनाड्यात आहेत, त्यांना कुलूप नाही. मी तुला काहीही सांगितलेलं नाही."

दह्याचे नाव निघताच तिने कधीतरी सांगितलेली परीक्षा मला आठवली. मी दोन दगडी वाट्या घेतल्या. दोन्हींत सारखे दही घातले. एकीत बरणीतला उरलेला काढा दोन चमचे ओतला, दुसरीत परत आलेल्या पुडीतले काळे भस्म घातले. दोन्हींवर पत्रावळीचे तुकडे झाकले आणि देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या, कारण तिथे कोणी हात घालीत नसे. दही आंबट, तांबे जर पुरते मेलेले, म्हणजे पक्के भस्म झालेले, असेल तर दह्याला त्याची खबरही लागत नाही, आणि कच्चे असेल तर दही ते ओढून घेते आणि हिरवे होते. आजोबांच्या वेळी ही परीक्षा झाल्याशिवाय पुडी बांधली जात नसे. तिला एक दिवस लागतो. तात्यांनी तो एक दिवसही दिला नव्हता. त्या दिवशी मी जेवले नाही. आई म्हणाली, पोट बिघडले असेल. आत्या म्हणाली, बिघडू दे.

दुसऱ्या दिवशी पाने काढून झाल्यावर कारभारी पुन्हा आले. वहिनीसाहेबांना उतार पडला होता, आणि बहीण कधी निघते ते त्यांना विचारायचे होते. मी देवघरातून वाट्या काढल्या. काढ्याच्या वाटीत पिवळसर चट्टा होता, बाकी दही पांढरे. भस्माच्या वाटीत काठाकाठाने पोपटी रंग चढला होता, आणि तळाशी तो गडद होता. मी दोन्ही वाट्या ओसरीवर नेऊन कारभाऱ्यांच्या पुढे ठेवल्या. घाईत हिरव्या वाटीतले थोडे सांडले.

"यमू, आत जा," तात्या म्हणाले.

"ही आजोबांची परीक्षा आहे, तात्या. या वाटीत काढा आहे. या वाटीत पुडी आहे. काढा मातीच्या मडक्यात केला होता, खापऱ्या परसात आहेत. आणि गोवऱ्यांच्या दोन थप्प्या अजून उभ्या आहेत."

एवढे बोलून मी परसाकडे बोट दाखवले. तांबटांचे ठोके तेवढे चालू होते. कारभाऱ्यांनी हिरवी वाटी उचलली, हुंगली, उजेडाकडे धरून फिरवली. तो माणूस मूर्ख नव्हता.

"वैद्यबुवा, हे काय?"

"पोरखेळ," तात्या म्हणाले.

"पोरखेळ सुरेख आहे. सरकारांना नेऊन दाखवू?"

मला वाटले, आता झाले. आता हा सरदारांचा माणूस खरे ते बोलेल आणि आत्या राहील. कारभाऱ्यांनी वाटी खाली ठेवली, उपरण्याला बोटे पुसली आणि म्हणाले, "नको. सरकारांना काल मीच सांगितलंय की विधवेचा हात लागला. ते त्यांना पटलंही. आता उलट सांगायचं तर आधी मीच खोटा ठरायचा." मग माझ्याकडे बघून हसले. "मुलगी हुशार आहे. लग्न लवकर उरका." आणि जोडे घालून चालते झाले.

मी आज म्हातारी झाले. माझ्या डोळ्यांदेखत श्रीमंतांचे राज्य गेले, कंपनीचे आले, तेही गेले. त्या सगळ्या उलथापालथीचा मला इतका संताप आला नाही जितका त्या उपरण्याला पुसलेल्या बोटांचा येतो. त्यांना खरे दिसले होते. ते त्यांच्या बोटाला लागले होते.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी तात्या काष्ठाच्या खोलीच्या उंबऱ्याशी आले. थोडे थांबले. मग आत आले. मी कोपऱ्यात होते. त्यांनी चौफेर पाहिले, जसे परक्या घरात बघतात. कोऱ्या मडक्यांची उतरंड होती. वरचे मडके त्यांनी हातात घेतले.

"काढा यात करतेस, अक्का?"

"बाबा होते तेव्हापासून."

तात्यांनी मडके परत ठेवले, पण वाकडे. आत्याने उठून ते सरळ केले.

"पुटं सात द्यायला हवी होती," तात्या म्हणाले.

"दोन थप्प्या आहेत बाहेर. उद्या उन्हं नीट असली तर खड्डा पेटव. मी बसते बाजूला. पारा रुसला तर त्याची समजूत मी काढीन."

"कोकणातल्या मंडळींना मी नाही म्हणून कळवतो," तात्या म्हणाले. "तू राहा."

ते 'राहा' म्हणाले. 'चुकलो' म्हणाले नाहीत. तेव्हाही नाही आणि पुढेही कधी नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही पुटे आत्याच्या डोळ्यांसमोर लागली. त्यानंतर ती असेपर्यंत आमच्या घरातले एकही भस्म तिने दह्यात पाहिल्याशिवाय बाहेर गेले नाही. किल्ली तात्यांच्या जानव्याला राहिली, पण दार उघडताना ते आधी तिला हाक मारीत. सरदारांच्या घरी पुन्हा औषध जाऊ लागले. वहिनीसाहेब बऱ्या झाल्या, त्यांना पुढे मुलेबाळे झाली. प्रत्येक बरणीबरोबर तात्या निरोप देत, "काढा मी स्वतःच्या हाताने केला आहे, शंका नसावी." काढा आत्याचाच असे. त्या घरात गुण आला तो तात्यांच्या हाताचा, आणि बाधा झाली ती विधवेच्या हाताची. हेच तिथे कायम झाले, आणि बहुधा त्यांची नातवंडे आजही तेच सांगत असतील. तात्यांनी गरिबांना फुकट औषध दिले, पटकीच्या साथीत ज्यांच्या घरी कोणी जात नसे त्यांची दारे ठोठावली. त्यांचा मान मोठा होता आणि तो खराही होता. मी त्यांच्यावर प्रेम केले. पण हा हिशेब मी त्या प्रेमात मिसळू दिला नाही.

त्या संध्याकाळी तात्या खोलीतून बाहेर गेल्यावर आत्या हिरवी वाटी राखेने घासायला बसली. डाग जाईना. तिने चिंच लावली, तरी जाईना. दगडाने तो पिऊन टाकला होता. "घालवू नकोस," मी म्हटले. ती थांबली, वाटी धुऊन माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मग तू सांभाळ. मला भांडी कमी नाहीत." माझ्या लग्नात ती वाटी माझ्याबरोबर आली. सासरी कोणाला तिचा अर्थ कळला नाही. मी तिच्यात कधी काही खाल्ले नाही आणि कोणाला खाऊ दिले नाही.

विनायका, तुझ्या पानांवरून मला इतके कळले की तो हिरवा रंग एकट्या तांब्याचा नाही आणि एकट्या दह्याचाही नाही. खाणीतले तांबे आणि गाईच्या दुधातले आंबट, दोघे एकमेकांना धरून बसतात तेव्हा तो होतो. म्हणजे तो दोन्ही खोल्यांचा आहे. त्याला तुमच्यात काय नाव आहे, ते तुझ्या साहेबांना विचार. पण वाटी मी तुला पाठवलेली नाही. ती कापसात गुंडाळून मथूकडे इंदूरला धाडली आहे. पुस्तक तुझ्याकडे आणि वाटी तिच्याकडे. तेव्हा विनायका, तू ती पाने तुझ्या स्वच्छ अक्षरात उतरवून तिला पाठवायची. आणि मथू, तू निखारा पुढे ओढायचा, हळकुंड आणि तुरटी चिमट्यात धरायची, आणि जे दिसेल ते त्याला लिहायचे. वाटी कोणी घासायची नाही. पाहुण्यांनी डाग कसला म्हणून विचारले तर सांगायचे, तात्यांच्या ताम्राला दोन पुटे कमी पडली होती, आणि काढा गोदाआत्याने केला होता, मातीच्या मडक्यात, आणि तो उत्तम होता.